शंभर मीटरची खूण

४ एप्रिल १९८७, शनिवार

कोर्टाच्या नाझरसाहेबांनी आज बजावायला एकाच गावचे सात कागद दिले. गाव कवठवाडी, चाकूरपासून तीन कोस आत. वादी तिथलं कबड्डी मंडळ, अध्यक्ष हणमंतराव. प्रतिवादी सात आणि सातही बाया. हुकूम असा आहे की दहा ते बारा एप्रिल सामने चालू असताना प्रतिवादींनी मैदानाच्या हद्दीपासून शंभर मीटरच्या आत बसू नये, घोषणा देऊ नयेत, खेळाला अडथळा करू नये. हुकूम मोडला तर दिवाणी तुरुंग. ज्याच्या हातात कागद पडला त्यालाच तो बांधतो, म्हणून बजावणी दहा तारखेच्या आत व्हायला हवी.

आपल्याकडचे छापील फॉर्म अजून उस्मानाबादचेच आहेत. जिल्हा होऊन पाच वर्षं होत आली तरी जुना गठ्ठा संपत नाही. सातही फॉर्मवर पट्टी धरून उस्मानाबाद खोडलं आणि वर लातूर लिहिलं. एका फॉर्मवर शाई पसरली म्हणून तो बदलला.

मूळ अर्जही वाचला. वाचायचं कारण नव्हतं. सरावाच्या सामन्याला बाया रिकाम्या घागरी घेऊन मैदानाच्या मधोमध बसल्या, दोन तास उठल्या नाहीत, असं त्यात आहे. का बसल्या ते नाही. पाणी हा शब्द अर्जात कुठेच नाही. मी दोनदा पाहिलं.

नाझरसाहेब म्हणाले, हे काम नीट कर, मी वर दोन ओळी लिहितो. माझी बेलिफाची एकोणनव्वद दिवसांची ऑर्डर पंधरा तारखेला संपते. नायगावला माय सगळ्यांना सांगत फिरते की देविदास कोर्टात लागला. दहावी नापास हे ती सांगत नाही, तात्पुरता हेही सांगत नाही.

६ एप्रिल, सोमवार

आजचं सगळं क्रमाने लिहितो, नाहीतर माझाच गोंधळ होईल.

सव्वाअकराला कवठवाडीत पोचलो. मंडळाने माणसं ओळखून द्यायला एक पोरगा पाठवायचा होता. तो आला, पण त्याला नावंच माहीत नव्हती. ही थोरली चुलती, ही बाळूची माय, ही वरच्या आळीची आत्या, एवढंच त्याला येत होतं. मी यादी दाखवली तेव्हा कळलं की मंडळाच्या पोरांनी बायांची नावं मतदार यादीतून उतरवून वकिलाला दिली. ज्या बायांच्या हातचं खाऊन मोठे झाले त्यांची नावं कोणालाच ठाऊक नव्हती. प्रतिवादी क्रमांक चार सरजाबाई या मागच्याच्या मागच्या श्रावणात वारल्या आहेत. मी तिथे ‘मयत’ लिहिलं.

बाकीच्या सहा पारावर एकत्रच बसल्या होत्या, जणू माझीच वाट पाहत. गडीमाणसं सगळी रोजगार हमीच्या कामावर. बायांचं काम आज दुपारनंतर होतं.

क्रमांक एक भामाबाई. साठीच्या पुढच्या असतील. मी नियमाप्रमाणे विचारलं, पूर्ण नाव सांगा. भामाबाई, म्हणाल्या. मी म्हणालो, कागदावर ‘भामाबाई भ्रतार’ असं आहे, पुढचं नाव तुमच्या तोंडून आलं पाहिजे, त्याशिवाय ओळख पटली असं मला लिहिता येत नाही. त्यांनी पदर पुढे ओढला.

“मालकाचं नाव घिऊ? लेकरा, तुझी माय घेती का?”

माय घेत नाही, हे खरं आहे. मी म्हणालो, मग दुसऱ्या कोणी सांगा. तर बाकीच्या सगळ्या त्यांच्या भावकीतल्या किंवा मानलेल्या. कोणाचा तो दीर लागतो, कोणाचा सासरा, आणि दिराचं नाव तरी कसं घ्यावं? दोन, तीन, पाच, सहा, सगळीकडे हेच. पोरगा तोवर निघून गेला होता. एक बाई म्हणाली, उखाण्यात घेता येतं. भामाबाई म्हणाल्या, “हाव, पर त्याला लगीन लागतंय. बेलीफ, तुझं कवा हाय?” सगळ्या हसल्या. मी हसलो नाही, पण रागही आला नाही. रीत आहे, त्यांचाही नाइलाज असणार.

मग मी जे बोलायला नको होतं ते बोललो. म्हणालो, सातांतला एकही कागद लागला नाही तर पंधरा तारखेनंतर मला कोणी ठेवणार नाही. बोलून झाल्यावर फार लाज वाटली.

तेव्हा मागून एक मुलगी उठून पुढे आली. क्रमांक सात. म्हणाली, “सिंधु पिराजी वाघमारे. लग्न झालं न्हाई, म्हणून मला अडचण न्हाई. आना कागद.”

भामाबाई म्हणाल्या, “सिंधे, काय करून राहिली?”

“नाव माझं हाय, माय. मी कशाला लपवू?”

ती बालवाडीत शिकवते. कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत उभ्याने वाचला. सही केली आणि खाली तारीख घातली. असं न सांगता कोणी घालत नाही. मग म्हणाली, जयभीम. मी सरकारी कामावर होतो, उत्तर द्यावं की नाही हे कुठे लिहिलेलं नाही. मी हळू आवाजात दिलं.

जाताना तिने विचारलं, शंभर मीटर म्हणजे नेमकं कुठवर? मला सांगता आलं नाही. ज्या हुकुमाची मर्यादा आपल्यालाच ठाऊक नाही तो बजावला असं कसं म्हणायचं? मी म्हणालो, परवा येऊन खूण करून देतो.

७ एप्रिल

नाझरसाहेब रागावले, पण फार नाही. मंडळाचे वकील म्हणाले, लिहिता वाचता येणारी तीच आहे, ती अडली की बाकीच्या गप्प बसतील. हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं.

८ एप्रिल, बुधवार

मोजणी केली. टेप आणली नव्हती, कोर्टात कापडी टेप नाहीच. गावाबाहेर रोजगार हमीचं नाला बांधाचं काम आहे, तिथले मिस्त्री शिवलिंग यांच्याकडे मागितली. ते जरा वेळ टेपकडे आणि माझ्याकडे पाहत राहिले. कशाला पाहिजे, म्हणाले. मी कारण सांगितलं. म्हणाले, न्या, पण लगेच आणून द्या. तीस मीटरची टेप, टोकाला तारेची कडी.

मैदानाच्या हद्दीच्या दगडापासून चाकूरच्या रस्त्याकडे तीनदा पूर्ण टेप टाकली आणि चौथ्यांदा दहा मीटर. खूण बरोबर रस्त्याच्या वळणावर, बाभळीच्या अलीकडे आली. मंडळाकडून फक्की मागून पांढरी रेघ मारली. टेपचं एक टोक सिंधुने धरलं होतं. ऊन फार होतं. ती म्हणाली, इतकं मोजून कोणी देत न्हाई आम्हाला. मी म्हणालो, माझं कामच आहे ते. तसं ते माझं काम नाही, हे मला नंतर आठवलं.

तिने सांगितलं म्हणून पाण्याचं कळलं. गावाला सरकारी टँकर तीन दिवसांतून एकदा येतो. सामन्यांच्या तीन दिवसांत मंडळाने कोणाकोणाला धरून तो रोज आणवायचं ठरवलं आहे, पण तो आधी मैदानावर रिकामा होणार. जमीन भिजवून दाबल्याशिवाय कबड्डी खेळता येत नाही, गुडघे फुटतात. उरलं तर गावाला.

हणमंतरावही भेटले. वाईट माणूस नाही. म्हणाले, जिल्हा उस्मानाबाद होता तेव्हा आमच्या पोरांना तिकडं कोणी उभं करत नव्हतं. आता लातूरचा संघ निवडायला लोक आपल्या दारात येऊन राहिलेत, त्यांना काय फुफाटा दाखवू? त्यांचंही मला पटलं. मला सगळ्यांचंच पटतं, हा माझा दोष आहे.

१० एप्रिल, शुक्रवार

मंडळाच्या विनंतीवरून मला हजर राहायला पाठवलं होतं.

साडेआठला टँकर आला. वळणावर रेघेच्या पलीकडे सिंधु उभी होती, रस्त्याच्या मधोमध, पायाची बोटं रेघेला लागतील न लागतील अशी. हातात काही नाही, तोंडाने काही नाही. ड्रायव्हरने भोंगा वाजवला. ती हलली नाही. ड्रायव्हर खाली उतरला आणि म्हणाला, ताई, मला तिकडं न्यायला सांगितलंय. ती म्हणाली, “तिकडं न्या की. तिकडं मला यायचा हुकूम न्हाई. पर हितं मी उभी हाय.”

मग बाभळीमागून बाया आल्या. भामाबाई पुढे. चाळीसेक घागरी, डबे, एक पितळी हंडा. मी घड्याळ पाहिलं. भरलेलं घरी ओतून बाया पुन्हा येत गेल्या, पन्नास मिनिटांत टँकर रिकामा झाला. कोणी धक्काबुक्की केली नाही, रांग होती. हणमंतराव धावत आले, मला म्हणाले, बघता काय, हुकूम मोडला. मी रेघेकडे पाहिलं. म्हणालो, साहेब, त्या रेघेच्या बाहेर आहेत. ते म्हणाले, रेघ कोणी मारली? मी म्हणालो, मी.

सामने कोरड्या मैदानावर झाले. पोरांचे गुडघे सोलले. दुपारी भामाबाई एक घागर डोक्यावर घेऊन मैदानाकडे गेल्या आणि पोरांना ओंजळीने पाणी पाजून आल्या. त्यांचा नातू डावीकडून चढाई करतो. त्यांच्यावर कागद लागलेला नाही, त्यामुळे त्या जाऊ शकतात. मी तशी नोंद केली.

परत निघताना सिंधुने मला तांब्याभर पाणी दिलं. अर्धं प्यालो, अर्धं परत दिलं.

१२ एप्रिल

काल आणि आजही तेच झालं, टँकर वळणावर रिकामा होत गेला. सामने संपले. कवठवाडीचे दोघे जिल्ह्याच्या संघात घेतले.

१३ एप्रिल, सोमवार

मंडळाने अर्ज टाकला. त्यांच्या वकिलाने माणूस लावून अंतर मोजवलं, ते शंभर मीटर भरत नाही. प्रतिवादी क्रमांक सातने हुकूम मोडला, सबब तिला दिवाणी तुरुंगात टाकावं. सुनावणी परवा. जजसाहेबांनी माझा अहवाल मागवला आहे.

मी म्हणालो, असं होणार नाही, मी चार वेळा टेप पाहून लिहिलंय. नाझरसाहेबांनी बांधकाम खात्यातून पोलादी टेप मागवून दिली. म्हणाले, उद्या सुट्टी आहे, जाऊन ये. आणि विचारलं, तुला मोजायला कोणी सांगितलं होतं रे?

मी टेप पिशवीत घातली. जेवण गेलं नाही.

१४ एप्रिल, मंगळवार

सकाळी सातच्या आत गावात पोचलो. वस्तीत निळे झेंडे लागले होते. सिंधु बालवाडीच्या पोरांना रांगेत उभं करून मिरवणुकीची तालीम घेत होती. दुरून तिने हात केला. तिला अर्जाचं कळलेलं होतं, तरी हात केला.

पोलादी टेपने मोजलं. शहाण्णव मीटर. पुन्हा मोजलं. शहाण्णव.

मी रेघेवर बसलो. मी मारलेल्या रेघेमागे ती तीन दिवस उभी राहिली, एक बोट पुढे आली नाही, आणि तुरुंगात ती जाणार.

मग शिवलिंग मिस्त्रींच्या घरी गेलो. आज काम बंद होतं. त्यांना म्हणालो, तुमची टेप आणा. पोलादी टेपशेजारी ठेवली. त्यांच्या टेपचा पहिला एक मीटर नाहीच. फाटलेल्या टोकाला कडी नव्याने बांधली आहे, त्यामुळे अख्खी दिसते. चारदा टाकली, चार मीटर गेले.

मी विचारलं, तुम्हाला माहीत होतं?

“हाव. दोन वरसं झाली फाटून.”

मग बदलली का नाही?

त्यांच्या बायकोने चहा आणून ठेवला तो तसाच राहिला. मग शिवलिंग म्हणाले, जमीन पावसानं मऊ आसंल ह्या भरवशावर दर लावतात, आन् पाऊस न्हाई. दगडासारखी झाली. एक मीटर खोदायला बायांचा जीव जातो. ह्या टेपनं मोजलं की नऊ मीटरच्या चरीचे दहा भरतात, तेवढंच त्यांच्या पदरात पडतं. साऱ्या बायांना ठाऊक हाय. वरून साहेब आला की कडी झाकून धरतो.

“मला त्या दिवशी सांगायचं होतं,” मी म्हणालो.

“सांगितलं असतं तर तुम्ही लिहिलं असतं,” शिवलिंग म्हणाले.

मी पोलादी टेप गुंडाळली.

बाहेर आलो तर मिरवणूक समोरून जात होती. सिंधुनेही ती टेप धरली होती त्या दिवशी. तिलाही ठाऊक असणार. मग तिने का सांगितलं नाही, चार पावलं मागे उभी राहिली असती तर काही बिघडलं नसतं. मला वाटतं, ती टेपचं बोलली असती तर टेप उघडी पडली असती, आणि मागे सरकली असती तर मी विचारलं असतं की का. म्हणून ती माझ्या रेघेवरच उभी राहिली. हे मला एस.टी.त बसल्यावर सुचलं.

आता दोन अहवाल लिहून समोर ठेवले आहेत. एकात टेप फाटलेली होती असं आहे. ते खरं आहे, आणि सिंधु सुटेल, माझंही काही जाणार नाही. पण मग टेप जप्त होईल, दोन वर्षांच्या मोजण्या निघतील, शिवलिंग जातील आणि बायांकडून वसुली लागेल. दुसऱ्यात लिहिलं आहे की मोजताना माझ्या हातून चूक झाली. ते खोटं आहे. मी आजवर सरकारी कागदावर खोटं लिहिलेलं नाही. वेलांटीसुद्धा चुकीची लिहिलेली नाही.

दोन्ही अहवालांचं अक्षर सारखंच चांगलं आलंय.

१५ एप्रिल, बुधवार

साहेबांनी अहवाल वाचला आणि मला पुढे बोलावलं. विचारलं, ही रेघ तुम्ही मारली? मी म्हणालो, होय. प्रतिवादीला तुम्हीच सांगितलं की ही हद्द आहे? होय. ती कधी रेघेच्या आत आली? नाही साहेब, तिन्ही दिवस मी तिथे होतो. मंडळाचे वकील उठून म्हणाले, शहाण्णवचे शंभर होतातच कसे? साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

“टेप कोणती होती?”

सिंधु मागच्या बाकावर होती, शेजारी भामाबाई. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

“टेप चांगली होती, साहेब. मी एकटाच ओढत होतो. ढिली पडली. चूक माझी आहे.”

एकटाच हेही खोटं होतं. एका उत्तरात चार झाली.

साहेबांनी लिहिलं की कोर्टाच्या माणसाने दाखवलेली हद्द प्रतिवादीने पाळली, सबब तिने हेतुपुरस्सर हुकूम मोडला असं म्हणता येत नाही. अर्ज फेटाळला. मला म्हणाले, न सांगितलेलं काम करू नये, आणि केलंच तर नीट करावं.

तीन वाजता नाझरसाहेबांनी मुदत न वाढवल्याचा कागद दिला. त्यांनाही वाईट वाटलं. म्हणाले, तुझ्यासारखा नीटनेटका मुलगा, आणि टेप ढिली धरतोस? मी हिशेबाने शाई, दौत, पट्टी आणि पितळी बिल्ला परत केला. उस्मानाबादचे कोरे फॉर्म अजून एकशे बारा उरले आहेत, ते मोजून दिले.

१६ एप्रिल, गुरुवार

काल पूर्ण लिहून झालं नाही. बिऱ्हाड आवरत होतो. आज संध्याकाळच्या गाडीने नायगाव. मायला काय सांगायचं ते अजून ठरलं नाही. बहुतेक सांगेन की मुदत संपली. तेवढं खरं आहे.

शिवलिंग मिस्त्रींचा निरोप आला आहे. पुढच्या आठवड्यापासून त्यांना हजेरी लिहायला माणूस हवा, अक्षर चांगलं पाहिजे. जावं की नाही कळत नाही. त्या टेपने मोजलेलं मला रोज लिहावं लागेल. जाईन असं वाटतं.

काल कोर्टातून निघाल्यावर एस.टी. स्टँडवर सिंधु आणि भामाबाई भेटल्या. भामाबाईंनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला, काही बोलल्या नाहीत, आणि पाय दुखतात म्हणून लांबच्या बाकावर जाऊन बसल्या. जवळचं बाक रिकामं होतं.

सिंधु म्हणाली, टेप मी धरली होती, तुम्ही एकटे नव्हता. मी म्हणालो, ते सांगितलं असतं तर तुम्हाला साक्षीला उभं केलं असतं. ती म्हणाली, “मला माहीत हाय.” मग बराच वेळ आम्ही टँकरबद्दल बोललो. आता तो पुन्हा तीन दिवसांनी येतो. मग बालवाडीतल्या पोरांबद्दल बोललो. मग कशाबद्दल बोललो ते आठवत नाही, हे माझ्याबाबतीत सहसा होत नाही.

चाकूरची पहिली गाडी चार दहाला लागली. ती गच्च होती, म्हणून तिने सोडली, ते समजलं. दुसरी पाचला आली. त्या गाडीत मी स्वतः पाहिलं, अर्ध्यापेक्षा जास्त जागा रिकाम्या होत्या. मी सांगितलंही, जागा आहे. ती म्हणाली, असू द्या. तीही सोडली. शेवटी पावणेसहाच्या गाडीने दोघी गेल्या, उभ्याने.

रिकामी गाडी का सोडली, हे विचारायचं राहून गेलं.